यादीत आपलं नाव नाही ना?

मे महिना सरत आला की मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. एक म्हाडाची, जुन्या उपकरप्राप्त इमारतींची, म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी भाडेकरू उपकर भरतात त्यांची. दुसरी महापालिकेची, बाकीच्यांची. मी गिरगावात वाढले तेव्हा बाबा ही यादी दहावीचा निकाल पाहावा तशी बोट फिरवत वाचायचे. खेतवाडी, भुलेश्वर, उमरखाडी, मुगभाट. ओळखीच्या पत्त्यापाशी बोट थांबायचं, "अगं, ही तर मावशीच्या पलीकडची" असं काहीतरी व्हायचं, आणि शेवटी "आपण नाही" म्हणून पेपराची घडी.

आमच्या मागच्या गॅलरीला तेव्हाही टेकू होते. दोन सागवानी वासे आणि एक लोखंडी नळी. आम्ही मुलं त्या टेकूंना धरून गोल फिरायचो आणि आई ओरडायची. म्हणजे इमारत कशा अवस्थेत आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यादीत नाव नाही याचा अर्थ एवढाच, की या पावसाळ्यात कुणी खोली रिकामी करायला सांगायला येणार नाही.

इमारत कोसळली की टीव्हीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: नोटीस दिली होती, तरी लोक राहिले कसे? विचारणारा बहुधा मालकीच्या फ्लॅटमध्ये राहत असावा. आमच्या मजल्यावरच्या काकूंना हा प्रश्न एकदा एका तरुण अभियंत्याने विचारला होता. काकू म्हणाल्या, "छत पडलं तर पडेल, पण मी बाहेर पडले तर परत आत कोण घेणार?" त्यांची थोरली बहीण भायखळ्याची खोली सोडून संक्रमण शिबिरात, म्हणजे सरकारच्या तात्पुरत्या घरांत गेली होती. काही महिन्यांसाठी. तिचे नातू त्या शिबिरातच शाळेत जायला लागले. तेव्हा काकूंचा हिशेब भावनेचा नव्हता, अनुभवाचा होता. कोसळण्याची शक्यता थोडी, घर कायमचं जाण्याची शक्यता बरीच. असा हिशेब करायला लावणारी व्यवस्था कशी तयार झाली, हे मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचत वाचत समजून घेतलं.

सुरुवात भाड्यापासून करावी लागते. मुंबईत भाडेनियंत्रण आलं ते पहिल्या महायुद्धात, 1918 साली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा. आणि 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरवलं. फाळणीचं वर्ष, शहरात माणसांचे लोंढे, घरं नाहीत. त्या वेळी तो कायदा आला नसता तर आमच्या आजोबांसारखी कोकणातून आलेली गिरणी-गोदीतली माणसं रस्त्यावर आली असती. तेव्हा कायद्याला नावं ठेवण्याचं धाडस माझ्यात नाही. पण तो तात्पुरता होता. मुदत वाढत गेली, वाढत गेली, आणि पन्नास वर्षं तेच चाललं.

आमच्या मालकांचे मेहताजी महिन्याला पावतीपुस्तक घेऊन यायचे. दोन खोल्यांचं भाडं तीसेक रुपये. नळाचा वॉशर बदलायला प्लंबर त्याहून जास्त घ्यायचा. मालकाला आम्ही पोरंटोरं खलनायक समजायचो, आणि काही मालक होतेही तसे: पाणी तोडायचे, पागडी, म्हणजे खोली देताना एकरकमी घेतलेले पैसे, घेऊन पावती द्यायला टाळाटाळ करायचे. पण एका मजल्याचं वर्षभराचं भाडं एकत्र केलं तरी एक कुजलेली तुळई बदलून होत नसेल, तर मालकाने ती कशासाठी बदलावी? सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या अखेरीस मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात हे गोठवलेलं भाडं अवाजवी आणि मनमानी ठरवलं. कायदा रद्द मात्र केला नाही, कारण त्याची मुदत काही महिन्यांत संपतच होती. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. वर्षाला 4 टक्के वाढ. तीस रुपयांचे 4 टक्के किती होतात ते सांगायला नको.

म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने गरिबाच्या घराचा खर्च उचलला असं आपण म्हणतो, पण तिजोरीतून पैसा गेला नव्हता. तो मालकाच्या खिशातून गेला, आणि मालकाने तो इमारतीच्या अंगातून वसूल केला. गिलावा पडला, सळई दिसायला लागली, मोरीची गळती खालच्या घरात उतरली.

जुन्या इमारती कशा मरतात हे सांगितलं पाहिजे, कारण बातमीत फक्त "जीर्ण" एवढंच येतं. आमच्यासारख्या इमारती लाकडी सांगाड्याच्या: सागाचे खांब, तुळया, मधे विटा आणि चुना. सागवान स्वतः शंभर वर्षं टिकतं. पण तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल मुरते आणि ते टोक आतल्या आत भुसा होतं. वरून रंग लावलेला, दिसत काही नाही. सगळ्यात आधी जातो तो मागचा भाग, संडास-मोऱ्यांचा, कारण तिथे पाणी चोवीस तास. त्यात आपण भाडेकरूंनी घातलेली भर. कोबा होता त्यावर लादी, लादीवर पुन्हा टाइल्स. पोटमाळे. पोटमाळ्यावर पाण्याच्या टाक्या, कारण नळ पहाटे तासभर. जागा मोठी दिसावी म्हणून मधली भिंत काढायची. भिंत भार घेत होती का, हे विचारणार कोणाला? सगळी माणसं सज्जन, सगळी पापं छोटी, आणि भार एकाच तुळईवर. तरी लाकडी इमारत बरी. ती करकरते, दारं अडकायला लागतात, चिरा रुंदावतात. ऐंशीच्या दशकातली खराब काँक्रीटची इमारत एवढी उसंत देत नाही.

साठच्या दशकात पडझडी इतक्या वाढल्या की सरकारला हलावंच लागलं. 1969 साली कायदा होऊन इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आलं. ज्याला गिरगावात अजून "रिपेअर बोर्ड" म्हणतात, पुढे ते म्हाडात गेलं. मालक दुरुस्ती करत नाही, तर आम्ही करू, त्यासाठी भाडेकरूंकडून उपकर घेऊ, अशी ती कल्पना. मुंबई बेटावरच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या 19,642 इमारती त्यात आल्या. त्यातल्या 16,502 या 1940 पूर्वीच्या. एवढ्या इमारती, आणि उपकर मोजायचा तो त्याच गोठलेल्या भाड्याच्या शहरात. दुरुस्तीवर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरवलेली. त्याहून जास्त लागतंय म्हटलं की इमारत "दुरुस्तीपलीकडची". बोर्डाने हजारो इमारतींना टेकू दिले, तुळया बदलल्या, लोखंडी गर्डर घातले. त्या कामाची थट्टा करणाऱ्यांनी एकदा आठवावं की ते झालं नसतं तर गिरगाव-काळबादेवीत किती माणसं गाडली गेली असती. पण टेकू म्हणजे घर नव्हे. आमचा टेकू "तात्पुरता" म्हणून लागला होता. मी त्याच्याभोवती फिरून मोठी झाले, माझं लग्न झालं, टेकू तिथेच.

1986 मध्ये आणखी एक वाट काढली गेली. 70 टक्के रहिवाशांनी सोसायटी केली तर मंडळाने इमारत संपादन करून त्यांना द्यावी, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला. मालक न्यायालयात गेले. त्यातून निघालेला प्रश्न, खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानायची का, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि त्याचं उत्तर 5 नोव्हेंबर 2024 रोजी मिळालं: सरसकट मानता येणार नाही. 1992 पासून प्रकरण चालू होतं. तेवढ्या काळात ज्या इमारतींवरून हा वाद सुरू झाला त्यातल्या किती उभ्या राहिल्या असतील, असा एक खवचट विचार निकाल वाचताना मनात आला.

मग आलं एफएसआयचं युग. एफएसआय म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं 33(7) हे कलम गिरगावातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. जुनी इमारत पाडा, भाडेकरूंना फुकट घर द्या, त्याबदल्यात जादा बांधकामाची परवानगी घ्या आणि विका. झोपडपट्ट्यांसाठी 33(10), 1995 साली आलेल्या सरकारने 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं वचन दिलं ते याच तत्त्वावर. आधी 225 चौरस फूट, मग 269, मग 300. सरकारला एक रुपया खर्च नाही. या कल्पनेचं चातुर्य मान्य केलंच पाहिजे. हवेतून पैसा काढला.

पण त्याचा अर्थ नीट पाहा. ज्या गल्लीत विक्रीच्या फ्लॅटला सोन्याचा भाव येतो तिथेच म्हातारी इमारत पुन्हा उभी राहणार. गिरगाव चौपाटीकडच्या बाजूला टॉवर आले. उमरखाडीतल्या अरुंद भूखंडावर, जिथे जुन्या बिऱ्हाडांनाच जागा पुरत नाही, तिथे कुठला बिल्डर येईल? भाडेकरू सुरक्षित घरात झोपणार की नाही, हे इमारतीच्या अवस्थेवरून ठरत नाही, शेजारच्या फ्लॅटच्या दरावरून ठरतं. घरबांधणीच्या धोरणाबद्दल माझी एकच तक्रार करायची झाली तर ही.

या व्यवस्थेत दुरुस्ती कोणालाच नको असते. मालकाला नको, कारण मजबूत इमारतीतल्या भाडेकरूंची किंमत त्याच्या लेखी शून्य. बिल्डरला नको. आणि हळूहळू भाडेकरूलाही नको, कारण "आता डेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला पैसे घालायचे?" हे वाक्य मी किती दशकं ऐकतेय. गॅलरीचा कठडा हलतो, तर दोरी बांधतात.

ऑडिटचंही तेच झालं. इमारतीला 30 वर्षं झाली की संरचनात्मक तपासणी बंधनकारक. अहवालात श्रेणी येते: सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे माणसं राहू देत दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ. कागदावर चोख. प्रत्यक्षात मालकाचा अभियंता सी-1 देतो, भाडेकरूंचा अभियंता सी-2बी देतो, आणि एकाच खांबाबद्दल दोघांच्या सह्या-शिक्क्यांनिशी दोन मतं. मग प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे. हे सगळं चालू असताना लोक त्या खांबाखालूनच ये-जा करत असतात. डॉक्टर बदलला की आजार बदलावा असा हा प्रकार, आणि कारण एकच: श्रेणी ही आता प्रकृतीची नोंद राहिलेली नाही, हक्काच्या भांडणातलं हत्यार झालेली आहे.

पुनर्विकासाला हो म्हणून बाहेर पडलेल्यांचंही नेहमी भलं झालं असं नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतली 672 कुटुंबं 2008 च्या करारावर विसंबून बाहेर पडली. बांधकाम रखडलं, बिल्डरकडून पर्यायी घरासाठी मिळणारं भाडं थांबलं, तपासयंत्रणा आल्या, आणि 2018 मध्ये प्रकल्प म्हाडाने हाती घेतल्यावरही किल्ल्यांसाठी बरीच वर्षं गेली. काकूंनी पत्राचाळ पाहिलेली नव्हती. तरी त्या बरोबर होत्या.

आणि इमारत कोसळल्यावर? 2019 च्या जुलैत डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच वाद सुरू झाला, हा भाग म्हाडाच्या यादीतला की अनधिकृत. ढिगाऱ्याखालच्या माणसाला कोणत्या खात्याच्या यादीत आपण आहोत हे माहीत असणं अपेक्षित आहे का? 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडून 33 माणसं गेली, ती तर पुनर्विकासाच्या मोठ्या योजनेत आधीच सामील झालेली होती.

जुनाट इमारती आणि भाडेकरू, एवढ्यावर विषय संपला असता तर सोपं होतं. पण 2013 च्या सप्टेंबरात माझगावातली बाबू गेनू इमारत पडली, 61 माणसं गेली. ती इमारत महापालिकेची स्वतःची, राहणारे महापालिकेचेच कर्मचारी, वय तीस-बत्तीस. तिथे गोठलेलं भाडं नव्हतं, पागडी नव्हती, लोभी मालक नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला सात मजले चढलेली, अजून बांधकाम चालू असलेली इमारत पडली: 74 मृत्यू. काही महिन्यांत घाईघाईने चढवलेली. 2020 मध्ये महाडची तारिक गार्डन, जेमतेम सात-आठ वर्षांची. 2025 च्या ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट, एका लहानगीचा पहिला वाढदिवस चालू असताना, 17 गेले. ही घरं घेणारी माणसं मूर्ख नव्हती. मुंबईत 40 लाखांखाली काही मिळत नाही, आणि विरार-मुंब्र्याला कोणीतरी दहा-बारा लाखांत देतो. कागद दाखवतो, वीज मीटर येतं, घरपट्टीची पावतीही येते. सरकार घरपट्टी घेतं म्हणजे घर खरं आहे, असं सामान्य माणसाने समजलं तर त्याचं काय चुकलं? स्वस्त आणि कायदेशीर घर शहरात बांधलंच गेलं नाही, म्हणून स्वस्त आणि बेकायदा घर बांधलं गेलं. मला तरी याहून गुंतागुंतीचं कारण सापडत नाही.

नवं घर दिलं म्हणजे सुरक्षित घर दिलं, असंही नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या दाटीने उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवे लावावे लागतात. 2018 च्या एका पाहणीत तिथल्या क्षयरोगाचा संबंध या कोंदट बांधणीशी असल्याचं दिसलं. 2023 च्या ऑक्टोबरात गोरेगावला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या एका इमारतीत पार्किंगमधल्या चिंध्यांच्या ढिगाला आग लागली आणि धूर जिन्याने वर चढला. घर मिळालं होतं. धुराला दुसरी वाट ठेवली नव्हती.

सरकारने स्वतः पैसे उभे करून घरं बांधल्याचं उदाहरण मुंबईत आहे, आणि ते इंग्रजांच्या काळातलं आहे हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. 1920 साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कर्जरोखे काढले, शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 चाळी बांधल्या. 160 चौरस फुटांची खोली, एका चाळीत 80 खोल्या. कामगारांना त्या आधी पसंत पडल्या नाहीत, कितीतरी रिकाम्या राहिल्या. 1930 च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना कोंडलं होतं. सौंदर्यदृष्टीने त्या तुरुंगासारख्याच. पण शंभर वर्षं उभ्या राहिल्या. त्यांच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन 2017 मध्ये झालं आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 40 मजली इमारती. टीव्हीवर एक आजी किल्ली कपाळाला लावत होत्या. मी कितीही चिकित्सक झाले तरी ते दृश्य पाहून गहिवरले, हे लपवत नाही. मात्र पैसा याही वेळी विक्रीच्या टॉवरमधूनच येणार आहे.

राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण 2025 च्या मे महिन्यात मंजूर झालं, 2007 नंतर पहिल्यांदाच. 2030 पर्यंत 35 लाख घरं, 70 हजार कोटींची गुंतवणूक. मी त्यात दुरुस्तीचा पैसा शोधत होते. किती बांधणार हे ठळक आकड्यात येतं. उभं आहे ते सांभाळायला कोण किती देणार, हे आकड्यात यायला अजून कोणी तयार नाही.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले, अर्धं गिरगाव आलं तसंच. आमची सोसायटी ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. त्या काळात खाडीची रेती नीट न धुता वापरायचे. मिठाने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. यंदा ऑडिट झालं. अभियंत्याने काँक्रीटची ताकद पाहायला रिबाउंड हॅमरने खांब ठोकून पाहिले, दोन ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचे नमुने काढले. सी-2बी. दुरुस्ती करा, नाहीतर पुढच्या वेळी श्रेणी आणखी धोक्याची येईल. सर्वसाधारण सभेत विषय आला तो फंडाचा. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला 0.75 टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठी साठवायचा निधी, 0.25 टक्के. हे किमान, सभेला वाढवता येतं. आम्ही कधी वाढवलेलं नाही, आणि बांधकाम खर्च धरलाय तो इमारत बांधली तेव्हाचा. म्हणजे मेहताजी, पावतीपुस्तक आणि 1940 चं भाडं सोडून आलेल्या आम्हा लोकांनी स्वतःच्या मालकीच्या घरात स्वतःसाठीच दर गोठवून ठेवलाय.

मी दर आजच्या बांधकाम खर्चावर लावायचा ठराव मांडला. दुसऱ्या विंगमधले गृहस्थ म्हणाले, "पाच वर्षांत डेव्हलपमेंटला जाणारच आहोत, आत्ता कशाला?" आमच्या मागच्या बाजूच्या गल्लीत फ्लॅटला काय दर मिळतो हे त्यांना नक्की माहीत आहे, त्या दरात कुठलाही बिल्डर इकडे फिरकणार नाही, तेही मी बोलून दाखवलं. जुनाच दर चालू ठेवावा असं कोणीतरी सुचवलं, अनुमोदन लगेच मिळालं. मी विरोध नोंदवून घ्या म्हणाले. सचिवांनी तो नोंदवलाय की नाही, ते पुढच्या सभेत इतिवृत्त वाचतील तेव्हा कळेल.